मूत्रपिंडांना अपायकारक दैनंदिन सवयी

मूत्रपिंडांना अपायकारक दैनंदिन सवयी म्हणजे खाणेपिणे, औषधे घेणे, श्रम, विश्रांती व देहधर्म यांबाबतच्या अशा रूढ सवयी, की ज्यांचा परिणाम वर्षानुवर्षे साचत जाऊन मूत्रपिंडांचे कार्य मंदावते. वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, उन्हात किंवा भट्टीपुढे पाण्यावाचून केलेले काम, मिठाचा अतिरेक, मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांतील हेळसांड, घटक ठाऊक नसलेली चूर्णे व मलमे आणि तंबाखू ही त्यांतील प्रमुख होत. यांपैकी एखादीच सवय निरोगी माणसाची मूत्रपिंडे सहसा निकामी करत नाही. दोन-तीन सवयी एकत्र आल्या, किंवा आधीपासून मधुमेह वा उच्च रक्तदाब असला, म्हणजे धोका झपाट्याने वाढतो. म्हणून या विषयाचा विचार सुट्या सवयींपेक्षा त्यांच्या संयोगाच्या अंगाने करणे अधिक योग्य ठरते.

मराठीत या अवयवास मूत्रपिंड व वृक्क असे दोन शब्द आहेत. पहिला पाठ्यपुस्तकांतून रुळला, दुसरा प्राणिशास्त्राच्या व आयुर्वेदाच्या ग्रंथांत अधिक आढळतो. बोलण्यात मात्र सर्रास ‘किडनी’ म्हटले जाते आणि मटणाच्या दुकानात हाच अवयव ‘गुर्दा’ होतो.

कार्य व हानीचे स्वरूप

प्रौढ माणसाचे प्रत्येक मूत्रपिंड सुमारे १५० ग्रॅम वजनाचे असते. शरीराच्या एकूण वजनाच्या मानाने हा भाग नगण्य. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा या दोन अवयवांकडे जातो. प्रत्येकात सरासरी दहा लाख सूक्ष्म गाळण्या, म्हणजे वृक्काणू, असतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात शोषला जाऊन दीड ते दोन लिटर मूत्र बाहेर टाकले जाते. याखेरीज रक्तदाबाचे नियमन, तांबड्या पेशी तयार होण्यासाठी लागणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाची निर्मिती आणि ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देणे ही कामेही मूत्रपिंडेच करतात. मूत्रपिंडाच्या जुनाट रुग्णांत रक्तक्षय आणि हाडांचे दुखणे आढळते ते यामुळे.

नष्ट झालेला वृक्काणू पुन्हा निर्माण होत नाही. उरलेले वृक्काणू अधिक भार उचलतात, त्यामुळे रुग्णाला दीर्घकाळ काहीच जाणवत नाही. रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले दिसते तोवर अनेकदा निम्म्याच्या आसपास कार्यक्षमता गेलेली असते. ‘मला काही त्रास नाही’ हे विधान म्हणूनच मूत्रपिंडांच्या बाबतीत फारसे विश्वासार्ह मानता येत नाही. पायांवर सूज, सकाळी डोळ्यांभोवती फुगीरपणा, मूत्राला टिकून राहणारा फेस, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे पुष्कळदा उशिरा येतात.

वेदनाशामक औषधे

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक आम्ल इत्यादी दाहशामक वेदनाहारक औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात. वेदना व सूज यांमुळे कमी होते. परंतु हीच द्रव्ये मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या सूक्ष्म धमन्या रुंद ठेवण्याचेही काम करतात. शरीरात पुरेसे पाणी असता निरोगी माणसाला त्यांची उणीव एरवी भासत नाही. जुलाब, ताप, उपवास किंवा उन्हातील श्रम यांमुळे शरीर कोरडे पडले असता मात्र मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा बऱ्याच अंशी त्यांच्यावरच टिकून असतो. अशा वेळी घेतलेली गोळी तो आधारच काढून घेते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या व मूत्रल औषधे यांच्या जोडीला ही औषधे घेतल्यास मूत्रपिंडांना अचानक इजा होण्याचा संभव आणखी वाढतो. शिवाय ती शरीरात मीठ व पाणी साठवून रक्तदाबही वाढवतात.

गुडघेदुखी, कंबरदुखी, डोकेदुखी किंवा नुसता शिणवटा यांसाठी औषधाच्या दुकानातून (बोलीत ‘मेडिकल’मधून) चिठ्ठीवाचून गोळी आणणे ग्रामीण व नागर महाराष्ट्रात सारखेच रूढ आहे. पाकिटातील दोन-तीन गोळ्या कापून घेण्याच्या पद्धतीमुळे औषधाचे नावही पुष्कळांना ठाऊक नसते. ‘ती तांबडी गोळी’ एवढीच ओळख पुरते. दुखण्यासाठी एका डॉक्टरकडून, तापासाठी दुसऱ्याकडून आणि दुकानातून परस्पर अशी एकाच वर्गातील तीन औषधे एकाच दिवशी पोटात जाणे यामुळे सहज घडते. योग्य मात्रेत घेतलेले पॅरासिटामॉल मूत्रपिंडांच्या दृष्टीने या वर्गापेक्षा सुरक्षित मानले जाते. त्याची अतिमात्रा मात्र यकृताला घातक असते.

या धोक्याचा इतिहास बोलका आहे. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील श्प्युलर व त्सोलिंगर या वैद्यकतज्ज्ञांनी वेदनाशामकांचे दीर्घ सेवन व मूत्रपिंडाचा विशिष्ट विकार यांतील संबंध प्रथम नोंदवला. स्वीडनमधील हुस्कवार्ना या कारखान्यांच्या गावी, १९१८ च्या इन्फ्लुएंझा साथीत एका स्थानिक डॉक्टरने दिलेली फेनासिटिन, फेनाझोन व कॅफीन यांची पूड पुढे कामगारांच्या रोजच्या जीवनाचा भाग झाली. काम न थकता व्हावे म्हणून ती घेतली जाई आणि भेट म्हणूनही दिली जाई. त्या गावातील मूत्रपिंडविकाराचे वाढते मृत्यू लक्षात यायला काही दशके जावी लागली. ऑस्ट्रेलियातही अशाच पुड्या चहाबरोबर घेण्याची प्रथा गृहिणींत होती. फेनासिटिन पुढे बहुतेक देशांनी बाजारातून हटवले. थकवा घालवण्यासाठी गोळी, ही कल्पना मात्र मागे उरली.

डायक्लोफिनॅकच्या परिणामाचे सर्वांत ठळक उदाहरण माणसांतील नव्हे, तर पक्ष्यांतील आहे. गुरांना हे औषध दिल्यानंतर ती मेली व गिधाडांनी त्यांचे मांस खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचत असे. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले. तोवर भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या प्रचंड घटली होती. १९९० च्या दशकाच्या आरंभाच्या तुलनेत ही घट ९९ टक्क्यांहून अधिक झाली. पशुवैद्यकीय वापरासाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारत सरकारने २००६ मध्ये बंदी घातली. मात्रा व शरीररचना यांत पक्षी आणि माणूस सारखे नाहीत. त्यामुळे गिधाडांवरून माणसाविषयी थेट अनुमान काढणे चूक ठरेल.

पाणी, उष्णता आणि श्रम

‘भरपूर पाणी प्यावे’ हा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. त्यात तथ्य आहे; पण ते अर्धेच. निरोगी माणसाने तहानेपेक्षा कितीतरी जास्त पाणी प्याल्याने मूत्रपिंडे ‘धुऊन’ निघतात, असा पुरावा नाही. मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्या रुग्णांना रोज अधिक पाणी पिण्याचा सल्ला देऊन कॅनडात केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षभरात मूत्रपिंडांची घसरण मंदावल्याचे दिसले नाही. विकार पुढे गेलेल्या रुग्णाला तर पाण्यावर मर्यादाच घालावी लागते. सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर पाणी पिणे निरुपद्रवी आहे; त्याला औषधाचा दर्जा देण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न पाणी न मिळणाऱ्यांचा आहे, आणि तो पुष्कळदा सवयीचा कमी व कामाच्या परिस्थितीचा अधिक असतो. कोल्हापूर जिल्ह्यात त्याची उदाहरणे जवळच सापडतात. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे गाव एका बाजूला उसाच्या शिवाराला आणि दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीला जवळ आहे. गोकुळ शिरगाव, शिरोली व कागल-हातकणंगले येथील वसाहतींत लोखंड ओतकामाचे कारखाने, म्हणजे फाउंड्री, मोठ्या संख्येने आहेत. वितळलेल्या धातूच्या भट्टीजवळ पूर्ण पाळी उभे राहणाऱ्या कामगाराच्या शरीरातून घामावाटे मोठ्या प्रमाणावर पाणी व क्षार बाहेर पडतात. गुऱ्हाळात चुलवाणापुढे जाळ घालणाऱ्या माणसाची स्थिती याहून वेगळी नसते. अशा कामात तहान लागेपर्यंत थांबणे पुरेसे ठरत नाही. ठरावीक वेळाने थोडेथोडे पाणी, सावलीतील विसावा आणि जेवणातून मिळणारे क्षार या तिन्हींची गरज असते. पाण्याऐवजी वारंवार चहा व गोड शीतपेये घेण्याची पद्धत गैरसोयीची आहे. व्यायामाने व उष्णतेने तापलेल्या शरीरात गोड शीतपेये मूत्रपिंडांवरील ताण वाढवतात, असे प्रयोगांतून दिसून आले आहे.

ऊसतोडणी कामगारांचा प्रश्न अधिक बिकट आहे. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या हद्दीत येतात व उन्हाळा लागेपर्यंत राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. उचल फेडायची असते आणि आजारपणामुळे काम बुडाले तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. परिणामी दुखणे गोळी घेऊन दाबले जाते आणि काम चालू राहते. वेदनाशामक, श्रम आणि पाण्याची तूट हा वर वर्णिलेला संयोग येथे एकाच देहात एकाच वेळी जुळून येतो. फडात स्वच्छतागृह नसल्याने स्त्रिया मुद्दाम पाणी कमी पितात व लघवी तासन्‌तास रोखून धरतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. तो वर चढून मूत्रपिंडापर्यंत गेला तर थंडी वाजून ताप येणे व कुशीत दुखणे ही लक्षणे दिसतात. शाळेतील अस्वच्छ शौचालयामुळे दिवसभर पाणी टाळणाऱ्या मुली, बसस्थानकावरील विक्रेत्या, वाहतूक पोलीस व लांब पल्ल्याच्या वाहनांचे चालक यांच्यातही हीच सवय आढळते. तिला केवळ व्यक्तीचा निष्काळजीपणा म्हणणे न्याय्य नव्हे.

उसाच्या फडातील उष्णता मूत्रपिंडांचे काय करू शकते, याचा अभ्यास प्रामुख्याने मध्य अमेरिकेत झाला. एल साल्व्हाडोर व निकाराग्वा येथील तरुण ऊसतोडणी कामगारांत मधुमेह वा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण मोठे असल्याचे या शतकाच्या आरंभी लक्षात आले. या विकारास ‘मध्य-अमेरिकी वृक्कविकार’ असे नाव मिळाले. तीव्र उष्णतेतील श्रम व वारंवार होणारे निर्जलीकरण ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. कीटकनाशके व इतर घटकांची भूमिका वादग्रस्त आहे. निकाराग्वातील एका साखर कारखान्याच्या क्षेत्रात पाणी, विश्रांती व सावली यांची सक्तीची व्यवस्था केल्यावर कामगारांतील मूत्रपिंडाच्या इजा कमी झाल्याचे आढळले.

कुस्ती व व्यायाम

राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ पासून कोल्हापूरच्या कुस्तीचे केंद्र आहे आणि जिल्ह्यातील गावोगावच्या तालमींची परंपरा आजही टिकून आहे. दूध, बदाम, थंडाई व मांसाहार असा पहिलवानाचा पारंपरिक खुराक निरोगी मूत्रपिंडांना बाधक ठरतो, असे दाखवणारा ठोस पुरावा नाही. ज्याची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत त्याला मात्र प्रथिनांचा अतिरेक टाळावा लागतो.

धोका अन्यत्र आहे. वजनगटात बसण्यासाठी सामन्यापूर्वी दोन-तीन दिवस पाणी तोडणे, रबरी किंवा प्लास्टिकचे कपडे घालून घाम काढणे आणि मूत्रल गोळ्या घेणे यांमुळे शरीर धोकादायक रीतीने कोरडे पडते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीगीर अशा प्रकारे वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने तिघे मृत्यू पावले. त्यानंतर तेथील नियम बदलण्यात आले. सराव नसताना एकाच दिवशी अतिरेकी बैठका किंवा जोर काढल्यास स्नायूंचे तंतू फुटून त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते व मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकते. व्यायामानंतर चहासारख्या गडद रंगाची लघवी होणे हे त्याचे लक्षण असून त्या अवस्थेत रुग्णालयात जाणे तातडीचे असते. तालमीत नव्याने दाखल झालेल्या मुलाला पहिल्याच दिवशी दमवू नये, हा जुन्या वस्तादांचा दंडक शरीरशास्त्राच्या कसोटीला उतरतो. व्यायामशाळांतून विकल्या जाणाऱ्या घटक न छापलेल्या भुकट्या व स्नायुवर्धक इंजेक्शने हा नव्या काळाचा प्रश्न आहे.

मीठ

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमांपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचा भरेल त्याहून थोडे कमी, मीठ शिफारस केले आहे. भारतीय प्रौढांचे सरासरी सेवन निरनिराळ्या पाहण्यांत ८ ते ११ ग्रॅमांच्या दरम्यान आढळले आहे. जादा मिठामुळे रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब गाळण्यांच्या नाजूक केशवाहिन्या जाड व कठीण करतो. मीठ जास्त खाणाऱ्याच्या मूत्रातून कॅल्शियमही अधिक जाते, त्यामुळे मूतखड्याचा संभव वाढतो.

पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ तयार पदार्थांतून पोटात जाते. मराठी घरात अजूनही ते मुख्यतः स्वयंपाकघरातून जाते, म्हणजे ते कमी करणे घरच्यांच्याच हाती असते. लोणचे, पापड, सांडगे, खारवलेली मिरची, सुके बोंबील व शेंगदाण्याची चटणी हे ताटातील डाव्या बाजूचे पदार्थ अल्प प्रमाणात घ्यायचे असतात; वाढण्याची जुनी पद्धत हेच सुचवते. मिसळीबरोबर फरसाण, तांबड्या रश्श्याची दुसरी-तिसरी वाटी, फरसाण व वेफरची पाकिटे आणि झटपट शेवया यांनी ही मात्रा ओलांडली जाते. तिखटाचा मूत्रपिंडांशी थेट संबंध नाही. कोल्हापुरी जेवणावर येणारा दोष मिरचीला द्यावा की मिठाला, याचा उलगडा बहुतेक वेळा मिठाच्या बाजूने होतो. पापडखार व खाण्याचा सोडा यांतूनही सोडियम मिळते.

सैंधव मीठ ‘चालते’ हा समज चुकीचा आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमऐवजी काही अंशी पोटॅशियम क्लोराइड असते. निरोगी व्यक्तीला ते उपयुक्त असले तरी मूत्रपिंडाच्या रुग्णात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. त्याच कारणाने, आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळी नेण्याची आपुलकीची रीत डायलिसिसवरील रुग्णाच्या बाबतीत टाळावी लागते.

मधुमेह व रक्तदाबाच्या उपचारातील हेळसांड

मूत्रपिंडे निकामी होण्याच्या कारणांत मधुमेह व उच्च रक्तदाब ही जगभर आणि भारतातही आघाडीची आहेत. आजार असणे ही सवय नव्हे. आजाराकडे पाहण्याची रीत मात्र सवयीत मोडते. ‘बीपी उतरला’ म्हणून गोळी बंद करणे हा तिचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. गोळीमुळेच दाब उतरलेला असतो, ती बंद केली की तो पुन्हा चढतो, आणि चढलेला दाब जाणवत नाही. एकदा सुरू केलेली गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल, या भीतीने ती सुरूच न करणे हा दुसरा प्रकार. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करून ‘शुगर’ चांगली आणणे हा तिसरा. गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीपुढे हा उपाय चालत नाही.

मधुमेहात मूत्रपिंडाची हानी मूत्रातून अल्ब्युमिन हे प्रथिन अल्प प्रमाणात जाण्याने सुरू होते. या टप्प्यावर रक्तदाबाची विशिष्ट औषधे आणि अलीकडच्या काळातील डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे ऱ्हास बऱ्याच अंशी लांबवू शकतात. गोळ्यांनी मूत्रपिंडे खराब होतात, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या सोडून काढे घेणाऱ्या रुग्णांत कार्यकारणाची नेमकी उलटापालट झालेली असते.

चूर्णे, भस्मे, मलमे व सिरप

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, ही समजूत टिकणारी नाही. ब्रुसेल्समधील एका वजन घटवणाऱ्या केंद्रात चिनी वनौषधी घेतलेल्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे वेगाने निकामी झाल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण होते ॲरिस्टोलोकिया या वनस्पती-प्रजातीतील आम्ल. तेच मूत्रमार्गाच्या कर्करोगालाही कारणीभूत ठरते. महाराष्ट्रात सापसंद किंवा ईश्वरी या नावाने ओळखली जाणारी व सर्पदंशावर लोकौषधी म्हणून वापरली जाणारी वेल याच प्रजातीतील आहे. धातूंची भस्मे शास्त्रोक्त शोधनाविना तयार केली गेली असता त्यांतून शिसे व पारा शरीरात जातो. बाटलीवर घटकद्रव्ये व उत्पादकाचा परवाना क्रमांक नसलेले औषध, ते कोणत्याही पॅथीचे असो, या दृष्टीने संशयास्पद समजावे.

त्वचा उजळवणाऱ्या मलमांचा धोका तुलनेने अलीकडे उजेडात आला. अकोला येथील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाच्या गाळण्यांचा विकार झाल्याचे २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील शोधातून त्या वापरत असलेल्या मलमात मोठ्या प्रमाणात पारा असल्याचे निष्पन्न झाले. केरळातही असे रुग्ण आढळले. पारा मेलॅनिन या रंगद्रव्याची निर्मिती थांबवतो म्हणून त्वचा उजळते. परंतु तो त्वचेतून रक्तात उतरून मूत्रपिंडांत साचतो. गोऱ्या रंगाचा सोस हे मूत्रपिंडविकाराचे कारण म्हणून नोंदवावे लागणे, ही वैद्यकापेक्षा समाजाविषयी अधिक सांगणारी गोष्ट आहे.

औषधातील भेसळ ही रुग्णाची सवय नसली तरी चिठ्ठीवाचून सिरप देण्याची सवय तिचा धोका वाढवते. डायएथिलीन ग्लायकॉल या स्वस्त औद्योगिक द्रवामुळे मूत्रपिंडे काही दिवसांत बंद पडतात. १९३७ मध्ये अमेरिकेत त्यामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या द्रवाची भेसळ असलेले ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्णांचा मृत्यू झाला व त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. लहान मुलांचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो आणि त्यासाठी सिरप लागतेच असे नाही.

तंबाखू

विडी, सिगारेट, चुना लावून मळलेली तंबाखू आणि स्त्रियांत रूढ असलेली मिश्री या सर्वांतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वाढवते. धूम्रपानामुळे मूत्रातून प्रथिने जाण्याचे प्रमाण वाढते; तसेच मूत्रपिंडाच्या व मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. मिश्री दात घासण्यासाठी म्हणून लावली जात असल्याने ती लावणारी स्त्री स्वतःला तंबाखू सेवन करणारी समजत नाही व डॉक्टरने विचारल्यास ‘नाही’ असे उत्तर देते.

मूतखडा व प्रचलित समजुती

मूतखडा हा पाणी कमी पिण्याशी सर्वांत स्पष्टपणे जोडलेला विकार होय. ज्याला एकदा खडा झाला आहे त्याने दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर मूत्र होईल इतके पाणी घ्यावे, असे सांगितले जाते. खडा कॅल्शियमचा असतो म्हणून दूध-दही बंद करणे चुकीचे आहे. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, त्यामुळे ते बंद केल्यास खडे वाढू शकतात. टोमॅटोच्या बिया अडकून खडा होतो या समजुतीला आधार नाही. पालकात ऑक्झलेट पुष्कळ असते हे मात्र खरे. भाजी म्हणून अधूनमधून खाणे वेगळे आणि आरोग्यासाठी रोज पेलाभर कच्चा रस पिणे वेगळे. कमरख हे आंबटगोड फळ मूत्रपिंडाच्या रुग्णाला विषासमान असते: त्यातील एक द्रव्य मेंदूवर परिणाम करून न थांबणारी उचकी, गोंधळ व झटके आणते.

हुलग्याचे कढण व पानफुटीची पाने हे मूतखड्यावरील घराघरांतील उपाय होत. लहान खडे बहुधा आपोआप पडतात, त्यामुळे त्या काळात जे काही घेतले असेल त्याला श्रेय मिळते. बिअरने खडा पडतो हा समज पिणाऱ्यांत विशेष लोकप्रिय आहे. मद्याने लघवी वाढते व नंतर शरीर कोरडे पडते. खडा मूत्रवाहिनीत अडकून राहिला तर कळ थांबल्यावरही मूत्रपिंड आतून फुगत जाते. वेदना गेली म्हणजे खडा गेला असे नव्हे; सोनोग्राफीनेच ते निश्चित होते. वयस्कर पुरुषांत पुरःस्थ ग्रंथी वाढून लघवीची धार बारीक होते, तेव्हाही ‘वयाचे आहे’ म्हणून वर्षे काढल्यास अशाच कोंडीने दोन्ही मूत्रपिंडे बाधित होतात.

प्रदेशविशिष्ट विकार

काही भागांत मूत्रपिंडविकाराचे प्रमाण सवयींनी उलगडत नाही. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांचा खारपाणपट्टा भूजलातील क्षारांसाठी ओळखला जातो आणि तेथील गावांतून मूत्रपिंडाच्या रुग्णांबाबत सातत्याने तक्रारी येत आल्या आहेत. गोव्यातील काणकोण तालुका, आंध्र प्रदेशातील उद्दानम व श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत येथेही असे समूह आढळले असून पाण्यातील सिलिका, जड धातू, कीटकनाशके, उष्णता अशा अनेक कारणांवर संशोधन चालू आहे. अशा ठिकाणी रुग्णाच्या सवयींकडे बोट दाखवण्यापूर्वी त्याच्या विहिरीचे पाणी तपासणे प्राप्त ठरते.

तपासणी

मूत्रातील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर आणि रक्तातील क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाजित गाळणदर या दोन चाचण्या पुरेशा असतात. गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅम किंवा अधिक, अथवा गाळणदर मिनिटाला ६० मिलिलिटरांहून कमी, तीन महिन्यांहून अधिक काळ राहिल्यास जुनाट विकाराचे निदान होते. १५ च्या खाली गेल्यास मूत्रपिंडे निकामी झाली असे समजतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येत असल्याने नुसता त्याचा आकडा फसवा असतो. पहिलवानात तो थोडा जास्त असूनही मूत्रपिंडे उत्तम असू शकतात, तर कृश वृद्धेचा ‘नॉर्मल’ अहवाल बिघडलेले मूत्रपिंड झाकू शकतो. मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचा मूतखडा, घरात कुणाला मूत्रपिंडविकार किंवा दीर्घकाळ वेदनाशामकांचे सेवन असलेल्यांनी वर्षातून एकदा या चाचण्या करून घ्याव्यात, असे सुचवले जाते.

निकामी मूत्रपिंडांवर डायलिसिस किंवा प्रत्यारोपण हे उपचार आहेत. रक्तशोधन सामान्यतः आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास करावे लागते. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत त्याचा समावेश असून कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे ‘सीपीआर’मध्ये, ही सोय आहे. गडमुडशिंगीसारख्या शहरालगतच्या गावातून तेथे पोचणे सोपे; गगनबावडा किंवा चंदगड तालुक्यातील रुग्णाचा मात्र प्रत्येक फेरीला पूर्ण दिवस जातो आणि त्याच्यासोबत येणाऱ्या घरच्या माणसाची त्या दिवसाची मजुरीही बुडते.